लहरी हवेत डोलोमाइट्स चढायचे तर

दरवर्षी मे महिन्यात नाशिकहून फोन येतो. "ताई, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिकडे हवा कशी असते?" मला म्युनिकला येऊन नऊ वर्षं झाली, बहुतेक उन्हाळे इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांमध्ये दोराला लटकून गेले, तरी या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मे महिन्यात ते कोणाकडेच नसतं.

आपल्याला सवय हंगामाची. जूनमध्ये पाऊस लागला की दोर धुऊन माळ्यावर टाकायचे, दसऱ्यानंतर खाली काढायचे, आणि मग मार्चपर्यंत आभाळाकडे कोण बघतो? तैलबैलाच्या भिंतीखाली उभं राहून आपण पाण्याची काळजी करतो, मधमाश्यांची करतो. ढगांची कधीच नाही. डोलोमाइट्समध्ये हंगाम म्हणजे डोंगरातली रिफ्युजिओ, म्हणजे मुक्कामाची घरं, कधी उघडी असतात एवढंच: साधारण २० जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत. त्या तीन महिन्यांत सकाळी सातला निळंशार, दुपारी एकला गारा, साडेचारला पुन्हा ऊन, हे सगळं एकाच दिवसात उरकतं. ऑगस्टमध्ये अडीच हजार मीटरवर बर्फ पडलेलाही मी पाहिलाय.

त्यामुळे "हवा चांगली असेल तेव्हा जाऊ" हा बेत इथे चालत नाही. चालतं ते एकच: परतणं स्वस्त करून ठेवायचं. परतणं पैशाने, तासांनी किंवा अपमानाने महाग पडणार असेल तर माणूस परतत नाही, वर जात राहतो. पुढे जे लिहिलंय ते सगळं या एका हिशोबातून आलंय.

मुक्काम आणि तिकीट

पहिल्यांदा आमची नाशिकची मंडळी आली तेव्हा घरूनच सगळं ठरवून आली होती. चार रिफ्युजिओ, चारही ठिकाणी आगाऊ पैसे, आणि मधोमध एक मोठं स्वप्न: तोफाना दी रोझेसची दक्षिण भिंत, ३,२२५ मीटरचा डोंगर आणि ८०० मीटरचा उभा कातळ. त्या दिवशी पहाटेपासून पाऊस. तरी सगळे निघाले, का तर रात्रीचे पैसे भरलेले. भिंतीच्या पायथ्याशी तासभर कुडकुडून, ओले होऊन परत. दुसरा रिफ्युजिओ सोडायचा नाही म्हणून तिसऱ्या दिवशी त्याच पावसात पाठीवर सगळा संसार घेऊन पायपीट. दहा दिवसांत कातळाला हात लागला तो तीनदा.

तेव्हापासून एकच घर घ्यायचं, खाली खोऱ्यात, स्वयंपाकघर असलेलं. कोर्तिना हे गाव सुंदर आहे आणि महाग आहे. अराब्बासारखं गाव बरं पडतं. तिथून एका बाजूला पोर्दोई खिंड, दुसऱ्या बाजूला अर्ध्या तासावर २,१०५ मीटरची फाल्झारेगो खिंड. आणि गाडी भाड्याने घ्या. बसने फिरता येतं, पण खराब हवेत गाडी हेच सगळ्यात उपयोगी साधन; कॅराबिनरपेक्षाही, म्हणजे दोर अडकवायच्या कडीपेक्षाही. म्युनिकहून येणार असाल तर ऑस्ट्रियाच्या महामार्गाचा विन्येट, म्हणजे टोलचा परवाना, घ्या, आणि ब्रेनर खिंडीचा टोल त्याशिवाय वेगळा असतो हे लक्षात ठेवा. ऑगस्टमधल्या शनिवारी ब्रेनर ओलांडायचा प्रयत्न करू नका. खंबाटकी घाटातली दिवाळीची गर्दी आठवेल.

तारखांमध्ये सूट असेल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. दिवस लहान होतो, सकाळी बोटं गारठतात, पण दुपारच्या वादळांचा जोर ओसरलेला असतो आणि १५ ऑगस्टच्या इटालियन सुट्टीची झुंबड संपलेली असते.

अंदाज कसा वाचायचा

फोनवरचं ढगाचं आणि थेंबाचं चित्र बघून काही ठरवू नका. ते चित्र खोऱ्यातल्या गावाचं असतं. व्हेनेतो प्रांताची हवामान यंत्रणा आर्पाव डोलोमाइट्ससाठी स्वतंत्र बुलेटिन काढते, तेही शब्दांत. इटालियन येत नसेल तरी पाच शब्द पुरतात. 'तेंपोराली' म्हणजे गडगडाटी वादळ, 'रोवेशी' म्हणजे सरी, 'स्कियारीते' म्हणजे उघडीप, 'इन्स्ताबिले' म्हणजे काही सांगता येत नाही. पाचवा शब्द मला सगळ्यात आवडतो: 'अत्तेंदिबिलिता', म्हणजे हा अंदाज लिहिणाऱ्याचा स्वतःच्या अंदाजावर किती भरवसा आहे. हवामानखात्याने एवढा प्रामाणिकपणा दाखवल्यावर आपणही दाखवावा. तिथे भरवसा कमी लिहिला असेल, तर मोठा मार्ग रद्द.

त्यानंतर वारा कुठून येतोय ते बघा. आल्प्सची मुख्य रांग इथे पूर्व-पश्चिम पसरलीय आणि तिचं काम सह्याद्रीसारखंच: महाबळेश्वर भिजतं तेव्हा फलटण कोरडं. वायव्येचा प्रवाह असेल तर ढग इन्सब्रुकच्या बाजूला अडकतात आणि आमच्याकडे, दक्षिणेला, थंड कोरडा वारा आणि स्वच्छ आभाळ. प्रवाह दक्षिणेचा असेल तर एड्रियाटिकवरची सगळी ओल डोलोमाइट्सवर रिकामी होते, आणि ब्रेनरपलीकडे इन्सब्रुकजवळच्या मार्टिन्सवांडवर लोक टी-शर्टवर चढत असतात. दोन वेळा आम्ही असा डोंगर ओलांडून दिवस वाचवलाय. तिसरा प्रकार म्हणजे वारा जवळपास नाही, नुसता उकाडा. त्या दिवशी वादळ बाहेरून येत नाही, डोंगरावरच शिजतं, बहुधा दुपारनंतर. असा दिवस वाया घालवू नका. फक्त लवकर उठा.

शून्य अंशाची रेषा किती मीटरवर आहे तेही बुलेटिनमध्ये असतं. ४,२०० असेल तर निवांत. थंड हवेची लाट येऊन ती २,८००-२,९०० वर उतरली असेल तर पाऊस त्याच्या दोन-तीनशे मीटर खालपर्यंत बर्फ होऊन पडू शकतो, आणि बिलेवर, म्हणजे दोर सांभाळायच्या थांब्यावर, वाऱ्यात उभा असलेला माणूस अर्ध्या तासात निकामी होतो.

सकाळी निघताना फोनवर पावसाचं रडार बघा, आणि मग फोन खिशात ठेवून आभाळ. दहा वाजता फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे छोटे ढग दिसले तर काळजी नाही. तेच ढग रुंदीपेक्षा उंचीने वाढू लागले, कडा कापून काढल्यासारख्या ठसठशीत दिसायला लागल्या, की तुमच्याकडे तास-दीड तास आहे असं धरा. डोक्यावर ऐरणीसारखा सपाट पसरला तर तेवढाही नाही. एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही: दक्षिण भिंतीवर चढताना तुम्हाला निम्मंच आभाळ दिसतं. उरलेलं भिंतीमागे असतं. तुम्ही उन्हात गाणी म्हणत असता आणि मागून काय येतंय ते माथ्यावर डोकं काढल्यावर कळतं. अशा भिंतीवर दर पिचला, म्हणजे चढाईच्या दर दोरभर टप्प्याला, रडार.

चार खण

मार्गांची एकच यादी न करता चार खण करा. पूर्ण खात्रीच्या दिवसाचा पहिला खण. तोफानाची भिंत किंवा त्रे चिमेचे सुळके त्यात. दहा दिवसांत असा दिवस एखादा मिळतो. कधी मिळतही नाही, आणि तरी सहल चांगली होते.

दुसरा खण "दुपारपर्यंत ठीक" वाल्या दिवसांचा, आणि खरी मजा इथेच आहे. फाल्झारेगोजवळचा सास दे स्ट्रिया (म्हणजे चेटकिणीचा दगड, २,४७७ मीटर), सेला खिंडीवरचा पहिला सेला सुळका. दोन्हींना रस्त्यापासून पायथा अर्ध्या तासात, आणि चढाई पाच-सहा पिचची. हिशोब असा करा: दोघांच्या दोराला एका पिचला चाळीस मिनिटं, तिघांच्या दोराला तासाच्या जवळपास. सहा पिच म्हणजे चार तास, उतराईला एक. वादळ एकला म्हटलंय तर बाराला खाली हवं, म्हणजे अकराला माथा, सातला पहिली पकड, साडेसहाला गाडी सोडलेली. म्हणजे सकाळचे पोहे नाहीत. यावरून आमच्यात दरवर्षी वाद होतो.

मार्ग किती अवघड ती श्रेणी इथे रोमन आकड्यांत असते: चार, पाच, सहा. १९३०च्या आसपास लावलेल्या जुन्या मार्गांवरची 'चार' आकड्यावरून वाटते त्यापेक्षा खमकी निघते आणि कातळात ठोकलेल्या मेखा एकमेकींपासून लांब-लांब असतात. चढाईच्या जिममध्ये जे सहज चढता त्याच्या दोन पायऱ्या खालचा मार्ग घ्या. लहरी हवेत श्रेणीपेक्षा वेग महत्त्वाचा.

तिसरा खण सरींच्या दिवसाचा: चिंक्वे तोर्री, पाच सुळक्यांचा पुंजका. सगळ्यात मोठा तोर्रे ग्रांदे २,३६१ मीटर, पण मार्ग एक ते चार पिचचे, कुठूनही रॅपलिंग करून, म्हणजे दोरावरून घसरत, उतरता येतं आणि स्कोइयात्तोली रिफ्युजिओ दहा मिनिटांवर. २००४ साली यातला एक सुळका, त्रेफोर, चक्क आडवा झाला. कातळ म्हणजे कायमचं, हा आपला बसाल्टी समज तिथे जरा हलतो. खुर्चीची लिफ्ट आहे, पण ती नऊच्या आसपास सुरू होते आणि वादळात बंद पडते; तिच्या भरवशावर बेत आखू नका, चालत जा. गर्दी खूप. एकाच कातळावर बारा दोर, सगळे जर्मन-इटालियनमध्ये ओरडणारे, कुणाचा "मोकळा" कुणाला ऐकू आला पत्ता नाही. मराठीचा इथे मोठा फायदा. "दोर सोड!" ही हाक चुकून दुसऱ्या कुणी स्वतःला लावून घेत नाही.

चौथा खण दिवसभराच्या पावसाचा. त्याच्याकडे शेवटी येते.

पाऊस पडून गेल्यावर काय? उभा डोलोमाइट ऊन-वाऱ्यात दोनेक तासांत वाळतो, हे त्याचं मोठेपण. चिमण्या, म्हणजे अंग मावेल एवढ्या उभ्या फटी, आणि घळी मात्र दुसऱ्या दिवशीही गळत असतात, आणि पावसाने सुटे झालेले दगड त्यांतूनच खाली येतात. पावसानंतरच्या सकाळी धारेवरचा मार्ग निवडा, घळीतला नको. करड्या कातळावर विश्वास ठेवा. पिवळा दिसला की तो ठिसूळ, बहुधा अंगावर येणारा.

परतायचं कसं

सास दे स्ट्रियाच्या धारेवर आम्ही तिघं होतो. तिसऱ्या पिचच्या वर, सव्वादहा. अंदाजात वादळ दुपारी होतं. नैर्ऋत्येला मार्मोलाडा डोंगराच्या डोक्यावर ढगाचा एक गड्डा होता, पाणी घोटभर पिऊन वर पाहिलं तर त्याचे दोन झाले होते, आणि मधल्या फटीतला निळा रंग गेला होता. खाली गाडीपाशीच ठरलं होतं: अकराच्या आत मार्मोलाडा झाकला तर उतरायचं, आणि हा निर्णय कोणीही एकाने घेतला तरी बाकीचे वाद घालणार नाहीत. हे खाली ठरवणं फार महत्त्वाचं. वर गेल्यावर प्रत्येकाला माथा दिसत असतो.

"अगं, तीनच पिच राहिल्यात," आमचा दादा म्हणाला. तो तीस वर्षं सुळके चढतोय, मला पहिली गाठ त्यानेच शिकवली. मी म्हटलं, "दादा, ठरलंय." पुढे तो बोलला नाही.

बिलेच्या उजवीकडे कातळात एक भोक होतं, मधे अंगठ्याएवढा जाड खांब. इटालियन याला वाळूचं घड्याळ म्हणतात, आणि डोलोमाइट्समध्ये अशी घड्याळं जागोजाग असतात. खांबावर मूठ मारून ऐकायचं. पोकळ वाजला तर सोडून द्यायचा. हा वाजला नाही. सहा मिलिमीटर दोरीचा दीड मीटरचा तुकडा तारेच्या हुकाने मागून ओढून घेतला, डबल फिशरमनची गाठ मारली, त्यात स्क्रूची स्टीलची कडी. अशा दोन कड्या आणि पाच-सहा मीटर दोरी प्रत्येक दिवशी हार्नेसला असतेच, आणि सहलीच्या खर्चात 'डोंगराला दिलेले' म्हणून वेगळी धरलेली असते. जिची किंमत आधीच मोजून टाकलीय ती कडी सोडताना जीव अडकत नाही. दोरीतून थेट दोर ओढू नका. घर्षणाने दोरी वितळते.

पहिला उतरणारा सगळ्यात जड, आणि त्याच्यासाठी मेखेत सैलसर बॅकअप. शेवटचा सगळ्यात हलका, तो बॅकअप काढून उतरतो. दोन दोर साध्या एकेरी गाठीने जोडा आणि मागे हातभर शेपूट ठेवा. ती गाठ कडेवरून लोळत येते, फिशरमन अडकते. टोकांना गाठी. साठ मीटर दोर आहे म्हणून साठ मीटर उतरू नका. धारेवर टप्पे फार, दोर ओढताना अडकतो. वीस-पंचवीस मीटरचे चार टप्पे दोन लांबलचक टप्प्यांपेक्षा लवकर होतात.

साडेअकराला आम्ही गवतावर होतो. मग काय झालं? काही नाही. ढग पूर्वेला सरकले, दिवसभर ऊन पडलं. एक झेक जोडपं आमच्या मागून चढून माथ्यावर जाऊन पहिल्या महायुद्धातल्या खंदकांमधून चालत खाली आलं आणि आम्हाला हात करून गेलं. दादा संध्याकाळपर्यंत बोलला नाही. रात्री भात-आमटी झाल्यावर म्हणाला, "उद्या परत जाऊ." गेलो, माथ्यावर पोचलो. पायथा अर्ध्या तासावर होता म्हणूनच हे जमलं. पाचातली दोन परतणी अशी फुकट जातात. ती हिशोबात धरा.

उरलेल्या तिनातलं एक तोर्रे ग्रांदेवरचं. त्या दिवशी मी उशीर केला. माथ्याच्या थोडं खाली होतो तेव्हा कॅराबिनरमधून आवाज यायला लागला, पावसाळ्यात डीपीजवळ उभं राहिल्यावर येतो तसा बारीक गुणगुणाट. हेल्मेटखाली केस ताठ. हा आवाज आला की चर्चा संपली: माथा आणि धार सोडून मिळेल त्या वाटेने खाली. विजेनंतर गडगडाट किती सेकंदांनी ते मोजा, दर तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आलं तर तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. खाली उतरणं अशक्यच असेल तर सॅकवर किंवा दोराच्या वेटोळ्यावर पाय जुळवून उकिडवे बसा, अँकरला अडकलेले राहा, भिंतीला पाठ टेकू नका. छोट्या कपारीत किंवा ओव्हरहँगखाली शिरायचा मोह होतो, पण कातळावरून उतरणारी वीज नेमकी ती फट उडी मारून पार करते. एकमेकांपासून अंतर ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. आणि हवा संशयास्पद असेल तर विया फेराता, म्हणजे लोखंडी तारेची वाट, सोपी आहे म्हणून मुळीच घेऊ नका. शेकडो मीटर तार अंगाला बांधून फिरायचं, तेही वादळात?

सॅकमध्ये आणि कागदावर

साठ मीटरचे दोन हाफ रोप, म्हणजे जोडीने वापरायचे बारीक दोर. एकेरी दोराने परतायचं अंतर निम्मं होतं. रेनकोट प्रत्येकाचा स्वतःच्या हार्नेसला, सगळे एका सॅकमध्ये नकोत. पातळ हातमोजे, हेडटॉर्च, उतरायचे बूट. चिक्की थंडीत दगड होते, दात सांभाळा. राजगिऱ्याची वडी उत्तम.

विमा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोची पॉलिसी लागते, ती सगळेच काढतात, आणि वाचत कोणी नाही. आमच्यातल्या एकाच्या पॉलिसीत बारीक अक्षरांत लिहिलेलं निघालं: दोर वापरून केलेली चढाई वगळून. ऑस्ट्रियन आल्पाइन क्लबचं सभासदत्व हा सोपा मार्ग. बचावाचा विमा त्यातच येतो, अनेक रिफ्युजिओत मुक्कामाला सवलतही. व्हेनेतोत जखमी नसताना हेलिकॉप्टर बोलावलं तर बिल येतं. मदतीचा नंबर ११२. फोन लागत नसेल तर शिटी किंवा टॉर्च मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. हेलिकॉप्टर आलं तर दोन्ही हात वर म्हणजे "मदत हवी". नुसता टाटा करू नका.

चौथा खण

दिवसभर पाऊस असेल तर आर्को. गार्डा सरोवराच्या उत्तर टोकाजवळचं, जेमतेम नव्वद मीटर उंचीवरचं गाव, चुनखडीचे शेकडो बोल्ट केलेले मार्ग, आणि डोंगरात धो-धो चालू असताना तिथे बरेचदा नुसतं ढगाळ. कोर्तिनाहून तीनेक तास गाडी. गुळगुळीत झालेल्या पकडी ओल्या असल्या तर साबण, तेवढं बघा.

आर्कोतही पाऊस असेल तर वाटेवरचं बोल्झानो. तिथे संग्रहालयात ओट्झी आहे, १९ सप्टेंबर १९९१ला हिमनदीवर सापडलेला ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस, उणे सहा अंशांत ठेवलेला. पावसाच्या दिवशी बाहेर ही रांग, आणि रांगेत निम्मे लोक प्रस्तरारोहक. बोटांच्या सालपटांवरून ओळखू येतात. दादाने काचेतून त्याचे गवत भरलेले बूट, तांब्याची कुऱ्हाड, अस्वलाच्या कातड्याची टोपी असं सगळं सामान बारकाईने तपासलं. "सगळं बरोबर होतं बिचाऱ्याचं," तो म्हणाला. "हवेत सापडला असणार."

मी पाटी वाचून दाखवली: डाव्या खांद्यात बाणाचं टोक.

"मग ठीक आहे," दादा म्हणाला, आणि बाहेर पडल्या पडल्या त्याने फोन काढून रडार उघडलं.